गेटवरच्या फौजीला आत घ्या

महाराष्ट्रातील मोटार डीलरशिपच्या मालक बंधू-भगिनींना,

सप्रेम जय हिंद.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या शोरूमच्या गेटवर आज एखादा माजी सैनिक उभा असेल. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाचक बूट, आल्यागेल्या गाडीचा नंबर वहीत टिपून घेणारा. ग्राहकाची गाडी वळली की तो सॅल्यूट करतो आणि ग्राहकालाही बरं वाटतं. हे पत्र त्या माणसाबद्दल आहे. माझी मागणी साधी आहे. त्याचं डिस्चार्ज बुक मागून घ्या आणि त्यातला ट्रेड, म्हणजे फौजेत तो कुठलं काम शिकला ते, वाचा. फौजेत त्यानं गाड्यांचं काम केलेलं असेल तर त्याला गेटवरून आत आणा. वर्कशॉपमध्ये घ्या, स्टॉकयार्डात घ्या, डिलिव्हरीच्या कामाला लावा. आणि तिथून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंतची वाट त्याच्यासाठी मोकळी ठेवा.

मी कोल्हापूर जिल्ह्यातला. आयटीआयला मोटर मेकॅनिकचा ट्रेड केला, भरती झालो, सिकंदराबादला ईएमईच्या, म्हणजे फौजेच्या दुरुस्ती खात्याच्या, सेंटरला शिकलो आणि नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो. आज एका चारचाकी डीलरशिपचा जनरल मॅनेजर आहे. विक्री, वर्कशॉप, बॉडीशॉप, स्पेअर पार्ट, सगळं माझ्याकडे. डीलरशिपचं नाव मुद्दाम देत नाही, कारण हे पत्र कुणाला जाहिरात वाटायला नको. गावाकडं मला अजून 'मेजर' म्हणूनच हाक मारतात. आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजर असतो, मग तो शिपाई असो की सुभेदार, आणि त्या हाकेत माया असते.

शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे, साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे. गावाच्या नावातच फौज. तुम्ही अशा मुलखात गाड्या विकता. देशभरात दरवर्षी साठ हजारांच्या आसपास जवान निवृत्त होतात आणि त्यातले बहुतेक पस्तीस ते पंचेचाळीसच्या दरम्यानचे असतात. फौजेला तरणी माणसं लागतात. शिपायाला पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शन लागू होते, त्यामुळे कितीतरी जण चाळिशीच्या आतच ट्रंक घेऊन घरी येतात. पोरं शाळेत असतात, घराचा वरचा मजला अर्धवट असतो, आईवडील थकलेले असतात. त्या माणसाची अजून वीस वर्षं कामाची आहेत.

आणि त्याला मिळतं काय? गेट. बँकेचं, सोसायटीचं, साखर कारखान्याचं, नाहीतर तुमच्या शोरूमचं. सरकारी यंत्रणेचा ओढाही बराचसा तिकडेच आहे. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयाच्या यादीत सिक्युरिटी एजन्सी आहेत, आपल्या राज्यात मेस्को म्हणजे माजी सैनिक महामंडळ सुरक्षा रक्षक पुरवतं. सुरक्षेचं काम हलकं आहे असं मी म्हणणार नाही. ते काम इमानानं करणाऱ्या माझ्या बांधवांमुळे कितीतरी घरं आणि कारखाने निर्धास्त झोपतात. पण ज्यानं आयुष्यभर इंजिनं उघडून जोडली, त्याला वर्कशॉपच्या फाटकावर उभं करायचं आणि आतमध्ये मेकॅनिक मिळत नाही म्हणून तुम्हीच हैराण व्हायचं, याचा मेळ मला कधी लागला नाही.

ईएमई म्हणजे फौजेचं दुरुस्ती खातं. १५ ऑक्टोबर १९४३ ला ते उभं राहिलं. पुण्यात खडकीला ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, तुमच्यातले कितीतरी जण त्या बाजूनं रोज जात असतील. बेस वर्कशॉपमध्ये वाहन पार उलगडून पुन्हा जोडलं जातं. दुसऱ्या टोकाला पलटणीबरोबर फिरणारी छोटी तुकडी असते, तिला आम्ही एलएडी म्हणतो. मोजके मेकॅनिक, एखादा वेल्डर, एखादा इलेक्ट्रिशियन, हाताशी असेल तेवढं सामान. जिप्सी, स्टॅलियन, टाटाचे ट्रक, जनरेटर, जे येईल ते चालू करून द्यायचं. बंद गाडीला फौजेत 'व्हीओआर' म्हणतात, म्हणजे रस्त्यावरून उतरलेली गाडी, आणि व्हीओआर किती याचा हिशेब वरपर्यंत द्यावा लागतो. लडाखमध्ये थंडीत डिझेल गोठतं, बॅटरी मान टाकते, म्हणून रात्री ठरावीक वेळेला उठून इंजिनं चालू करून गरम ठेवावी लागतात. उंचीवर हवा विरळ, इंजिनाचा दम कमी होतो, धूर काळा येतो. तिथं पार्ट मागवला तर तो रस्ता उघडल्यावर येणार. अशा जागी शिकलेला मेकॅनिक दोष शोधायला आधी डोकं वापरतो, मग पाना.

आणि फक्त ईएमईच नाही. आर्मी सर्व्हिस कोअरचा ड्रायव्हर काफिल्यात हजारो किलोमीटर घाटरस्ता तोडून आलेला असतो. ऑर्डनन्सचा स्टोअरकीपर लाखो पार्टांच्या साठ्यात वाढलेला असतो, तुमच्या स्पेअर पार्टच्या काउंटरला त्याच्याइतका योग्य माणूस शोधून सापडणार नाही. हवाई दलाच्या एमटी म्हणजे वाहन विभागातले, सिग्नलचे जनरेटर मेकॅनिक, तोफखान्यात तोफा ओढणाऱ्या गाड्या चालवणारे, असे सगळे आपल्या तालुक्यात घरी बसलेत किंवा कुठंतरी वहीत नंबर लिहीत बसलेत.

पेन्शन आल्यावर मी काम शोधत फिरलो, तेव्हाचा एक अनुभव सांगतो, कारण तो एकट्या माझा नाही. एका शोरूममध्ये मालकांनी चहा पाजला, फौजेबद्दल आदरानं बोलले. मग पगाराचा विषय निघाला. "तुम्हाला पेन्शन आहेच की," असं म्हणून त्यांनी जो आकडा सांगितला, तो त्यांच्याकडे नव्यानं लागलेल्या पोराच्या पगारापेक्षा कमी होता. हे वाक्य माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक माजी सैनिकानं ऐकलंय. मालक हो, पेन्शन ही आधीच्या नोकरीची कमाई आहे. ती त्यानं सरहद्दीवर कमावली, तुमच्या कामाची मजुरी त्यातून कशी वळती करता येईल? बँकेतून निवृत्त झालेल्या अकाउंटंटला तुम्ही कामावर घेता तेव्हा त्याच्या पेन्शनकडे बोट दाखवून पगार कापता का? कामाचा जो दर आहे तो द्या.

पुढे ज्या मालकांनी मला घेतलं, त्यांनी मला स्टॉकयार्ड दिलं. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. स्टॉकयार्ड ही डीलरशिपमधली सगळ्यात दुर्लक्षित जागा असते हे तुम्हालाही ठाऊक आहे. कंपनीकडून ट्रेलरवर गाड्या उतरतात, रांगेत लागतात, आणि मग गिऱ्हाईक ठरेपर्यंत उन्हापावसात उभ्या राहतात. महिनाअखेरीला कंपनीचा माणूस आणखी गाड्या घ्या म्हणतो, तुम्ही घेता, आणि प्रत्येक उभ्या गाडीवर बँकेचं व्याज चालू असतं. साठा २१ दिवसांच्या आसपास असावा असं डीलरांची संघटना फाडा वर्षानुवर्षं सांगतेय. २०२४ च्या सणासुदीला तोच साठा ८०-८५ दिवसांवर गेला होता. अशा वेळी यार्डात काय होतं? बॅटऱ्या उतरतात. टायर एकाच जागी दबून सपाट होतात. उंदीर वायरिंग कुरतडतात. आधी आलेली गाडी मागं अडकते आणि नंतर आलेली आधी जाते, कारण ती काढायला सोपी असते.

मी तिथं नवीन काहीच केलं नाही. फौजेत गाडीची जी काळजी घेतात ती घेतली. प्रत्येक गाडीला एक पुठ्ठ्याचं कार्ड केलं, आमच्या 'कार डायरी'सारखं. गाडी कधी उतरली, बॅटरीचा व्होल्टेज शेवटचा कधी मोजला, गाडी कधी पुढंमागं सरकवली, कुणी. व्होल्टेज १२.४ च्या खाली आला की त्याच दिवशी चार्जिंग. ट्रेलरवरून येताना टायरमध्ये हवा जास्त भरलेली असते, ती डिलिव्हरीआधी कंपनीच्या मापावर आणली की नाही, याचीही सही. आणि चाव्या. चाव्या सेल्समनच्या खिशात, टेबलाच्या खणात, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या डिकीत सापडायच्या. मी सुताराकडून फळी करून घेतली, ओळीनं हूक ठोकले, हुकावर गाडीच्या चासीचे शेवटचे अंक रंगवले. चावी घेतली की तिथं स्वतःच्या नावाचा पितळी बिल्ला टांगायचा. संध्याकाळी फळीकडे एक नजर टाकली की कुठली गाडी कुणाकडं आहे ते कळायचं. टेस्ट ड्राइव्हच्या गाड्यांचं डिझेल एकदम कमी लागायला लागलं, ते का हे तुम्ही ओळखलं असेलच.

मालक पहिल्या महिन्यात एकदा येऊन त्या फळीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुभेदार, वर्कशॉपकडं पण बघा जरा."

वर्कशॉपमधलं खरं दुखणं जॉब कार्डावर असतं. ग्राहक येऊन सांगतो, "गाडी ओढत नाही." सर्व्हिस ॲडव्हायजर घाईत असतो, मागं आणखी चार जण उभे असतात, तो लिहितो 'जनरल चेकअप'. मेकॅनिक कार्ड वाचतो, ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, गाडी धुऊन परत. ग्राहक आठवड्यात पुन्हा हजर, आता चिडलेला. फौजी मेकॅनिकला सवय असते ड्रायव्हरची उलटतपासणी घ्यायची. कुठल्या रस्त्याला ओढत नाही? खंबाटकी चढताना की सपाटीला? एसी चालू असताना? गाडीत किती माणसं होती? इंजिन गार असताना की तापल्यावर? चार प्रश्नांत निम्मा दोष सापडतो आणि ग्राहकालाही वाटतं की कुणीतरी आपलं ऐकून घेतलं. आमच्याकडे हे प्रश्न जॉब कार्डावर छापून घेतले. एकच गाडी त्याच तक्रारीसाठी परत येण्याचं प्रमाण कमी झालं, आणि ते कमी झालं की कंपनीकडून येणारा ग्राहक समाधानाचा आकडा आपोआप वर सरकतो. त्या आकड्यावर तुमचे पैसे अवलंबून असतात, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापूर-सांगलीचा कुणीच विसरणार नाही. पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट. त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद होता. आमचं यार्ड सखल भागात. पाणी इशारा पातळीला आलं, ३९ फुटांना, तेव्हाच मी मालकांना फोन केला की गाड्या हलवू. अजून पाणी यार्डापासून लांब होतं, पाऊस थांबेल असंही काही जण म्हणत होते. पण मालकांनी एका शब्दात होकार दिला. मी गावातल्या आणि आजूबाजूच्या माजी सैनिकांना फोन लावले, ड्रायव्हर हवेत म्हणून. पगाराचं कुणी विचारलं नाही. रेनकोट घालून, बॅटऱ्या घेऊन आले. उंचावरच्या एका मंगल कार्यालयाचं पटांगण मिळालं. गाड्या गटागटानं काढल्या, पुढं एक ओळखीच्या रस्त्याचा माणूस, शेवटी टोचन दोर घेतलेली जीप. एकाही गाडीला दुसऱ्या गाडीमागं पाच मिनिटं उभं राहावं लागलं नाही. पहाटेपर्यंत यार्ड रिकामं झालं. दुसऱ्या दिवशी तिथं कंपाउंडच्या भिंतीचा फक्त वरचा काठ दिसत होता.

पण त्याहून मोठं काम पुढचं होतं. आम्ही आमच्या ग्राहकांची यादी काढली आणि पूरभागातल्या प्रत्येकाला फोन केला: गाडी पाण्यात बुडाली असेल तर काही झालं तरी स्टार्ट करू नका. किल्ली फिरवू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, गाडी आम्ही उचलून आणतो. कारण इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला की पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांत होणारी दुरुस्ती लाखावर जाते, शिवाय असं नुकसान साध्या पॉलिसीत विमा कंपनी बहुतेक वेळा नाकारते. त्या फोनांमुळे वाचलेल्या गाड्यांचे मालक आजही आमच्याकडेच येतात. त्यांच्या पोरांची पहिली गाडी आमच्याकडून गेली. कुठल्याही जाहिरातीनं असा ग्राहक मिळत नाही.

त्यानंतर मला सर्व्हिस मॅनेजर केलं, आणि पुढे विक्रीही माझ्याकडे आली.

आता तुम्हाला ज्याची शंका असते त्याबद्दल बोलतो. "फौजी माणूस कडक असतो, गिऱ्हाइकाशी गोड बोलणार नाही." ही शंका पूर्ण खोटी नाही. फौजेत हुकूम मिळतो आणि तो पाळायचा असतो. शोरूममध्ये गिऱ्हाईक चार वेळा शब्द फिरवतं आणि आपण हसून पाचव्यांदा कोटेशन द्यायचं असतं. फौजेत वय आणि रँक बरोबर चालतात; इथं पंचविशीतला कंपनीचा एरिया मॅनेजर येऊन टार्गेटवरून झापतो. वर्कशॉपमधल्या पोरांना एकदम मोठ्या आवाजात बोललं तर ती दुसऱ्या दिवशी समोरच्या शोरूममध्ये जातात. कॉम्प्युटरवरची डीलर सिस्टीम, फायनान्सचं गणित, एक्सचेंजची किंमत काढणं, हे फौजेत कुणी शिकवत नाही. नव्यानं आलेल्या माणसाला पहिले सहा महिने जड जातातच. सैनिकाला मात्र कोर्स करायची सवय असते. नोकरीभर तो कुठला ना कुठला कोर्स करतच असतो आणि परीक्षा देऊनच वर चढतो. त्याला शिकवा म्हटलं की तो वही काढतो. तुम्ही एखाद्या चांगल्या सेल्समनबरोबर त्याला तीन महिने बसवा, सिस्टीम चालवणाऱ्या मुलीकडून रोज एक तास शिकू द्या. आमच्या बिलिंगच्या एका ताईंनी मला अख्खी सिस्टीम शिकवली, मी त्यांना अजून गुरूच मानतो.

गोड बोलणं वेगळं आणि खरं बोलणं वेगळं. आमच्या भागातल्या ग्राहकाला खरं बोलण्याची किंमत जास्त आहे. शेतकरी ऊसाचं बिल आल्यावर गाडी घ्यायला येतो, घरातली पाच माणसं घेऊन. त्याला सांगावं लागतं की दादा, तुमचं महिन्याचं फिरणं एवढंच आहे, डिझेल घेऊ नका, पेट्रोल परवडेल. असं सांगितलं की आजची महागडी गाडी हातची जाते, पण तो माणूस पुन्हा दुसरीकडं जात नाही. आणि लष्करी कॅन्टीनच्या कोट्यातून गाडी घ्यायला येणारा जवान! त्याच्या कागदपत्रांना वेळ लागतो, त्यात सेल्समनच्या हातात फारसं काही पडत नाही, म्हणून कितीतरी शोरूममध्ये त्याला टोलवलं जातं. वीस दिवसांच्या सुट्टीवर आलेला पोरगा त्यातले आठ दिवस हेलपाटे घालतो. तिथं टेबलामागं एखादा माजी सैनिक बसवून बघा. रांग लागेल.

२०२५ मध्ये २२ सप्टेंबरला जीएसटी कमी झाला. लहान गाड्या १८ टक्क्यांवर आल्या. १५ ऑगस्टच्या घोषणेनंतर गिऱ्हाईक थांबून राहिलं होतं, शोरूम रिकामे होते. आणि घटस्थापनेला एकदम धरण फुटल्यासारखी गर्दी. २ ऑक्टोबरला दसरा. प्रत्येकाला दसऱ्यालाच गाडी हवी, सकाळच्या मुहूर्तावर हवी, म्हणजे आधी अंबाबाईला नाहीतर जोतिबाला नेता येते. तुमच्याकडे त्या दिवशी काय झालं असेल याची मला कल्पना आहे: मागची गाडी पुढं काढायला पुढच्या चार हलवायच्या, कुणाची नंबर प्लेट सापडत नाही, कुणाच्या विम्यात नाव चुकलंय, पुजेचं ताट एकच. आम्ही आदल्या रात्री काफिला लावतात तशा गाड्या लावल्या. ग्राहकांनी दिलेल्या वेळेप्रमाणे क्रम, पुढच्या काचेवर खडूनं नंबर, त्याच नंबरचं पाकीट, पाकिटात विमा, पावती, दोन्ही चाव्या. प्रत्येक गाडीची तपासणी आदल्या दिवशीच पूर्ण, पेट्रोल भरलेलं. सकाळी हार, नारळ, टायरखाली लिंबू, फोटो, पेढा आणि गाडी सरळ गेटबाहेर. ज्या आजींनी नातवाच्या गाडीला ओवाळलं त्यांना उन्हात उभं राहावं लागलं नाही, याचा मला त्या दिवशीच्या आकड्यापेक्षा जास्त आनंद झाला. त्या रांगेचा सगळा कारभार तीन माजी सैनिकांनी सांभाळला. त्यातले दोघं पूर्वी एका कारखान्याच्या गेटवर होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये जाहीर झाली. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून भरायला लागतील. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के कायम होणार, बाकीची पोरं घरी येणार. बावीस-चोवीस-सव्वीस वर्षांची. त्यांच्या हातात सेवा निधीचे ११ लाख ७१ हजार आणि कौशल्याचं प्रमाणपत्र असेल, पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. त्यांना "पेन्शन आहेच की" असं म्हणायची सोयसुद्धा कुणाला उरणार नाही. ही पोरं गावात परत येतील तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत त्यांना काम मिळालं नाही, तर तो पैसा कुठं जातो हे तुम्हीही पाहिलंय आणि मीही पाहिलंय. कुणीतरी जमिनीचा दलाल भेटतो, कुणीतरी दामदुप्पटवाला भेटतो. आणि गंमत करून सांगत नाही, त्यातला पहिला खर्च बहुधा तुमच्याच शोरूममध्ये होईल. तुम्ही त्याला गाडी विकाल. त्याला कामही द्या.

त्यासाठी कायदा तुमच्या बाजूनं आहे. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे आणि तीस किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडे हे आकडे फक्त कागदावर भरले जातात. त्या जागा अग्निवीरांसाठी उघडा. वाहन क्षेत्राची कौशल्य परिषद एएसडीसी ही तुमच्याच फाडानं, वाहन कंपन्यांच्या आणि सुट्या भागांच्या उत्पादकांच्या संघटनांसोबत मिळून उभी केलेली संस्था आहे. तिचे सर्व्हिस टेक्निशियन, सर्व्हिस ॲडव्हायजर, सेल्स असे अभ्यासक्रम आहेत. ज्या पोरानं फौजेत गाडी चालवलीय, तिची निगा राखलीय, त्याला या परीक्षेला बसवा, उत्तीर्ण झाला की पक्का करा.

जुन्या माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. फोन करू नका, स्वतः जा. बहुतेक जिल्ह्यांत ते आहे, तिथं नोंदणी केलेल्यांची यादी असते. त्यांना सांगा की मला गार्ड नकोत, मला व्हेईकल मेकॅनिक पाहिजेत, ऑटो इलेक्ट्रिशियन पाहिजेत, स्टोअरकीपर पाहिजेत. तिथले अधिकारी स्वतः फौजेतलेच असतात, त्यांना ही मागणी ऐकून बरं वाटेल, कारण त्यांच्याकडे गार्डची मागणी घेऊन येणाऱ्यांचीच रीघ असते. पुनर्वसन महासंचालनालय नोकरीच्या शेवटच्या काळात जवानांना कोर्स करायला पाठवतं. आपल्या संघटनेनं एकत्र येऊन त्यांच्याशी बोलावं की डीलरशिप व्यवस्थापनाचा एक कोर्स आमच्या वर्कशॉपमध्ये घेऊ, शिकवायला आमची माणसं देऊ. म्हणजे माणूस पेन्शन आल्यावर शोधत फिरणार नाही, तुम्ही त्याला आधीच हेरून ठेवाल.

आणि वाट दाखवताना ती पूर्ण दाखवा. यार्ड किंवा डिलिव्हरीतून सुरुवात, वर्षभरात फ्लोअर सुपरवायजर, मग सर्व्हिस ॲडव्हायजर, मग वर्क्स मॅनेजर किंवा विक्रीकडे. कुठल्या पायरीला काय आलं पाहिजे आणि तिथं पगार किती, हे कामावर घेताना लिहून द्या. फौजीला अस्पष्ट आश्वासन पचत नाही. पण पुढची रँक कशी मिळते हे एकदा कागदावर दिसलं की तो त्यासाठी रात्री जागून अभ्यास करतो, हे मी स्वतः बराकीत पाहिलंय.

उद्या सकाळी शोरूमला जाल तेव्हा गेटवर गाडी थांबवा, काच खाली घ्या आणि त्याला विचारा: "मेजर, फौजेत तुमचा ट्रेड कुठला होता?" तो उत्तर देईल ते लिहून घ्या आणि तुमच्या वर्क्स मॅनेजरला त्याच दिवशी त्याच्यासोबत अर्धा तास बसवा. ज्यांना यात अडचण येईल, पगाराची रचना, प्रशिक्षण, कुठलीही, त्यांच्या डीलरशिपमध्ये येऊन बसायला मी आणि आमच्याकडचे माजी सैनिक तयार आहोत. सुट्टीच्या दिवशी येऊ, मानधन नको.

आपला,
एक माजी सैनिक, ईएमई
सध्या जनरल मॅनेजर, मोटार डीलरशिप, कोल्हापूर